झोक्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती

मेहरूण, जळगाव
२० जानेवारी १९९७

तीर्थस्वरूप नाना,

वाकून नमस्कार. हिलाल कंडक्टरच्या हाती तिळगूळ पाठवला होता, पोचला का? अर्धा तो वाटेत खातो हे माहीत असल्यामुळे दुप्पटच पाठवला होता.

आता बातमी. तुमचा झोका मेहरूणमध्ये बायका चालवायला लागल्या आहेत! इथल्या महिला मंडळाला कोणीतरी जुना संगणक दिला, मराठी अक्षरांच्या कार्डासकट. दुपारी तासभर मी शिकवायला जाते. इंग्रजी भाषांची नावं काढली असती तर निम्म्या जणी दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या. म्हणून सरळ सांगितलं, की ही आमच्या मामांनी धुळ्यात बसून तयार केलेली संगणकाची भाषा आहे, पूर्ण मराठीत. हिच्यात आकडे ठेवायला बारा डबे आहेत आणि एकेका डब्याला मामांच्या गल्लीतल्या माणसाचं नाव आहे. 'चुडामणकडे सात ठेव', 'धनसिंगकडे पाच ठेव', 'दोघांचं मिळव' असं लिहायचं आणि शेवटी 'ताईबाई, सांग' म्हणायचं, की उत्तर पडद्यावर हजर. तेच काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर झोका द्यायचा, पुरे झालं की 'थांब'. भाषा फुकट आहे, तिच्या आतला सगळा मजकूर फ्लॉपीवरच आहे. ज्याला वाटेल त्यानं उघडावा, दुरुस्त करावा आणि दुरुस्ती मामांना कळवावी. दरवर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, नवी आवृत्ती निघते. यावर सायरबाई म्हणाल्या, "म्हणजे विरजणासारखं. शेजारणीकडून न्यायचं, आपलं चांगलं लागलं तर तिला परत द्यायचं." मला इतकं सोपं करून सांगता आलं नसतं.

पण नाना, अडचण आली आहे. उन्हाळ्यात कोणत्या दिवशी कोणाच्या घरी ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे करायचे, त्याच्या पाळ्या लावायचं काम भिकुबाईंनी झोक्यात घेतलं. बारा घरं, बारा डबे. छान चाललं होतं. चौथ्या डब्याशी येऊन बोट अधांतरी. मी विचारलं, काय झालं? तर पदर तोंडाला लावून म्हणतात, "बाई, मन्हा मालकनं नाव शे ते. मी कसं दाबसू?"

चौथा डबा म्हणजे तुमचा लोटन! शेवटी तेवढं नाव सायरबाईंनी दाबून दिलं. पुढे 'इंदरचंद' आला, ते सायरबाईंच्या सासऱ्यांचं नाव. ते भिकुबाईंनी दाबलं. दोघी एकमेकींना बोट उसनं देत आहेत आणि मी हसू दाबत उभी आहे.

आणखी एक. काही चुकलं की तुमचा झोका विचारतो, 'डोकं ठिकाणावर आहे का?' सायरबाईंना ते लागलं. दोन दिवस आल्या नाहीत.

तुमची,
प्रमिला


धुळे
२९ जानेवारी १९९७

चि. प्रमिला,

भरभरून आशीर्वाद. तिळगूळ पोचला. हिलालनं या वेळी पाऊण खाल्ला.

तुझं पत्र वाचून लीलाधरला हाक मारली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "नाना, तुमची भाषा घराबाहेर कोणी वापरतं हेच मला खरं वाटत नव्हतं." पोटचा मुलगा असं बोलतो, बघ. टायरच्या दुकानात बसून माणसाची दृष्टी गोल होते. बोदवडचे एक मास्तर सहावीच्या वर्गाला झोका शिकवतात, हे त्याला कितीदा सांगितलं आहे.

'डोकं ठिकाणावर आहे का' हे वाक्य मी तीस वर्षं वर्गात वापरलं आणि एकाही पोरानं शाळा सोडली नाही. पण सायरबाई पोरगी नाहीत, हे मान्य. त्यांना माझ्यातर्फे दिलगिरी सांग. नव्या आवृत्तीत ते वाक्य काढू. कोणत्या ओळीत काय राहिलं ते सरळ सांगावं, हे तू मागेही म्हणाली होतीस. तेव्हा मी ऐकलं नाही, आता ऐकतो.

भिकुबाईंचं म्हणशील तर त्यात हसण्यासारखं काही नाही. बोट अडतं म्हणजे अडतं. लोटन काढ आणि तिथे दुसरं कोणतंही नाव घाल. आमचा लोटन शेजारीच राहतो, त्याची समजूत मी घालीन.

हिलाल म्हणाला तुला सर्दी झाली आहे, आल्याचा काढा घेत जा.

नाना


मेहरूण, जळगाव
८ फेब्रुवारी १९९७

तीर्थस्वरूप नाना,

नमस्कार. लोटन काढला, हिलाल घातला. तर तिसऱ्या बाकावरच्या बाईंच्या दिरांचं नाव हिलाल! इंदरचंद काढला, कन्हैयालाल घातला. ते कोणाचे तरी थोरले दीर निघाले. नाना, खानदेशात पुरुषाचं असं एकही नाव नाही, जे घ्यायला कोणत्या ना कोणत्या सुनेला बंदी नाही. एकेक नाव बदलत बसलो तर आखाजी काय, दिवाळीही उलटेल.

म्हणून मुळालाच हात घालू या. नव्या आवृत्तीत डब्यांना नावं आपण द्यायचीच नाहीत. जो लिहितो त्यानं आपल्या डब्याला हवं ते नाव द्यावं, आणि डबेही हवे तितके घ्यावेत. बाहेरच्या सगळ्या मोठ्या भाषांत असंच असतं. मी आतला मजकूर उघडून बसले आहे, पंधरा दिवसांचं काम आहे. तुम्ही हो म्हणा.

उघडल्यावर एक गंमत दिसली. अकरा नावं तुम्ही सरळ अक्षरांत लिहिली आहेत, बारावी ताईबाई तेवढी आकड्यांत! संगणकात प्रत्येक अक्षरामागे आकडा असतो हे खरं, पण एकाच नावाचे सगळे आकडे शोधून लिहायची हौस का? शिवाय वरच्या रांगेतली शेवटची कळ दाबली की 'ताईबाई, सांग' ही ओळ आपोआप उमटते. बाकी कोणत्या ओळीला अशी सोय नाही. ही ताईबाई आहे तरी कोण? तुमच्या गल्लीत मी लहानपणापासून येते, मला एकही ताईबाई आठवत नाही.

काढा घेतला. तिखट होता.

प्रमिला


धुळे
२० फेब्रुवारी १९९७

चि. प्रमिला,

आशीर्वाद.

डब्यांची नावं राहू दे. माझ्या जुन्या यंत्रात जागा कमी आहे, नवी व्यवस्था मावणार नाही. बोदवडच्या मास्तरांनी वर्षभराचे धडे या बारा नावांवर बेतले आहेत, त्यांचे सगळे बिघडतील. शिवाय मोकळीक दिली की पोरं डब्यांना क, ख, ग अशी नावं देतील. चुडामणकडे सात ठेवले तर लक्षात राहतात, ग कडे ठेवलेले कोणाला आठवणार? बारा माणसांत अख्खी गल्ली चालते, तुमच्या पाळ्या का चालू नयेत?

आकड्यांत लिहिल्यानं जागा वाचते. बाकी काही नाही.

चुकीची वाक्यं बदल. तेवढं पुरे.

नाना


मेहरूण, जळगाव
६ मार्च १९९७

तीर्थस्वरूप नाना,

नमस्कार. रागवू नका, पण मी रागावले आहे.

आकड्यांत लिहिल्यानं जागा वाचत नाही, हे तुम्हीच मला शिकवलं आहे. नवी व्यवस्था मी तुमच्यासारख्याच जुन्या यंत्रावर चालवून पाहिली, आरामात मावते. बोदवडच्या मास्तरांना मी पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं, 'उत्तम, पोरांना आपली नावं देता येतील.' मग तुमची अडचण काय? भाषा तुमची आहे, तिच्यातली सुधारणा दुसऱ्या कोणाची नको, एवढंच ना? मग फ्लॉपीवर 'ज्याला वाटेल त्यानं दुरुस्त करावं' असं लिहिलं कशाला?

तुमच्या नियमाप्रमाणे मला वेगळी चूल मांडता येते. मेहरूणचा झोका वेगळा, धुळ्याचा वेगळा. पण मला ते करायचं नाही. पहिली आवृत्ती आपण दोघांनी मिळून तुमच्या ओट्यावर बसून केली होती, आतला मजकूर तुम्ही लिहायचात आणि मी चालवून चुका काढायचे. मामी जाऊन वर्षही झालं नव्हतं, तुम्ही कोणाशी बोलत नव्हता, फक्त झोक्याबद्दल बोलत होता. ते मी विसरले नाही.

सोबत फ्लॉपी आहे. बारा नावं काढून टाकली आहेत. उत्तरासाठी आता नुसतं 'सांग' म्हटलं तरी पुरे. एकदा चालवून बघा आणि मग नाही म्हणा.

प्रमिला


धुळे
२८ मार्च १९९७

प्रमिलाताई,

नमस्कार. मी लीलाधर. मला पत्र लिहायची सवय नाही, कार्डावर भागवतो.

तू काय पाठवलंस ते मला कळत नाही. फ्लॉपी आली त्या दिवशी नानांनी ती घातली, थोडा वेळ वरच्या रांगेतली एकच कळ दाबत बसले, पडदा कोराच. मग यंत्र बंद करून वर टॉवेल टाकला. होळी झाली तरी टॉवेल तसाच आहे. जेवतात, फिरायला जातात, पण गप्प असतात. आई गेली तेव्हा होते तसे. तुझ्यावर रागावलेत का विचारलं, तर म्हणाले, "तिचं बरोबर आहे." बरोबर आहे तर गप्प का, हे तूच विचार.

लीलाधर


मेहरूण, जळगाव
७ एप्रिल १९९७

नाना,

लीलाधरचं कार्ड आलं. माझं चुकलं. काय चुकलं ते कळलेलं नाही, पण तुम्ही झोक्यावर टॉवेल टाकता म्हणजे काहीतरी मोठंच चुकलं. रागाच्या भरात 'भाषा तुमची' वगैरे लिहून गेले, ते मनातून काढून टाका. आखाजीला नवी आवृत्ती नाही निघाली तरी चालेल. जुनीच चालवू. भिकुबाई आणि सायरबाई एकमेकींना बोटं देतील, एवढं काय.

फक्त एक झालेली गोष्ट सांगते, कारण ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

नवी व्यवस्था मी वर्गात एकदाच चालवून दाखवली. म्हटलं, आता डब्याला तुम्हाला हवं ते नाव द्या. मला वाटलं, देवांची नावं येतील, नाहीतर मुलांची. भिकुबाई बराच वेळ कळा शोधत बसल्या आणि लिहिलं, 'शेवंताकडे पाच ठेव'. मी विचारलं, ही शेवंता कोण? तर लाजल्या. "मीच शे. पारोळाले मन्हं नाव शेवंता. आठे कोणले माहीतच नही." सासरी आल्यावर त्यांचं नाव बदललं, माहेरी आईवडील गेले, आता त्या नावानं हाक मारणारं कोणी राहिलं नाही. नंतर सायरबाईंनी लिहिलं, 'जतनकडे सात ठेव'. त्याही लहानपणी जतन होत्या. मग एकेक करून सगळ्या जणींनी आपापली माहेरची नावं घातली. ज्यांची नावं सासरी बदलली नव्हती त्यांनी माहेरी लाडानं म्हणायचे ती घातली. त्या दिवशी वर्गात कोणी आकडेमोड केलीच नाही. नुसती नावं वाचत बसल्या, एकमेकींना त्या नावांनी हाका मारत बसल्या.

आमच्या घरी माझं नाव बदललं नाही, त्यामुळे मला हे कधी सुचलंच नसतं. तुमची भाषा त्यांच्या कामी आली, नाना. एवढंच सांगायचं होतं.

प्रमिला


धुळे
१६ एप्रिल १९९७

चि. प्रमिला,

तुला पोटभर आशीर्वाद. तू माफी मागायची नाहीस. खरं कारण माझ्याकडे होतं आणि मी तुला जागा वाचते म्हणून थाप मारली.

तुझं पत्र दुपारी आलं. तीनदा वाचलं. मग टॉवेल काढला.

तुझी मामी लग्न होऊन आली तेव्हा आमच्या आईनं तिचं नाव वच्छला ठेवलं. रेशनकार्डावर वच्छला, गल्लीत वच्छलावहिनी, पुढे लीलाधरची माय. पाचोऱ्याजवळ तिचं माहेर. तिथे ती ताईबाई. तू त्या गावी कधी आली नाहीस, म्हणून तुला ठाऊक नाही. लीलाधरला ठाऊक आहे, पण त्यानं माझा झोका आजवर उघडून पाहिलेला नाही.

दरवर्षी आखाजीला ती माहेरी जायची आणि सण झाला की मी आणायला जायचो. गावाच्या तोंडाशी मोठा कडुनिंब होता, त्याला पोरींनी झोके बांधलेले असायचे. मी दिसलो की सगळ्या ओरडायच्या, "ताईबाई, उतर ना वं, तुले लेवाले उनात!" न्यायला आल्याची हाक ऐकली तरी ती दोरी धरून आणखी एक झोका घ्यायची, मग उतरायची. ते नाव मी वर्षातून तेवढंच ऐकायचो. मला ते फार आवडायचं. मी मात्र तिला जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. ना वच्छला, ना ताईबाई. आमच्यात नवरेही बायकोचं नाव घेत नसत. 'ऐकलं का' म्हणायचं, की ती ऐकायची.

ती गेल्यावर भाषा केली. बारावा डबा तिचा. सगळ्यांची बेरीज शेवटी तिच्याकडेच जायची, घरातही तसंच होतं. नाव लिहायला बसलो आणि भिकुबाईंसारखंच माझं बोट अडलं. गणिताचा मास्तर मी, आकडे लिहायला कोणाची लाज? म्हणून आकडे शोधले. कळ बसवली तीही त्यासाठीच, म्हणजे ओळ मला टाइप करावी लागू नये. पोरं टाइप करायची, बोदवडच्या वर्गात तीस पोरं एका सुरात 'ताईबाई, सांग' म्हणतात असं मास्तरांनी कळवलं, तेव्हा मी कार्ड खिशात घालून दिवसभर हिंडलो.

तुझी फ्लॉपी घातली, कळ दाबली, काही उमटलं नाही. एवढंच झालं.

पण तुझी सुधारणा बरोबर आहे आणि ती झाली पाहिजे. शेवंताला आणि जतनला तिथे जागा मिळते आणि मी माझ्या एका नावासाठी दार अडवून बसतो, हे तुझ्या मामीलाच आवडलं नसतं. आखाजीला नवी आवृत्ती काढ. बारा नावं जाऊ देत.

नाना


मेहरूण, जळगाव
२८ एप्रिल १९९७

नाना,

पत्र वाचून खूप रडले. तुम्हाला न विचारता ते वर्गात वाचून दाखवलं, त्याबद्दल हवं तर 'डोकं ठिकाणावर आहे का' म्हणा. सायरबाई आधी डोळे पुसत होत्या, मग म्हणाल्या, "नानाजी पण आमच्यातलेच निघाले!"

सोबत नवी आवृत्ती. यात मेहरूणच्या सगळ्या जणींचा हात लागला आहे, बिबड्यांच्या पाळीसारखा, आज हिनं थोडं, उद्या तिनं. झोक्यात झोका घेता येतो, पूर्वी आतला घेतला की बाहेरचा विसरायचा. डब्यांना हवं ते नाव देता येतं. चुकल्यावर ओळ सांगून समजावतो. समजावण्याची वाक्यं भिकुबाईंनी आपल्या बोलीत केली आहेत. ती आधी सांगत नाही, चुका करून बघा.

आणि ताईबाई कुठेही गेलेली नाही. ज्या आकड्याला कोणी नाव दिलं नाही, ज्या उत्तराला कोणी डबा दिला नाही, ते तिच्याकडे जातं. हे भिकुबाईंनीच ठरवलं. म्हणाल्या, ज्याचं कोणी नाही ते घरातल्या बाईकडेच येतं ना शेवटी?

फक्त आकडे मी पुसले आहेत आणि ती वरची कळही काढली आहे. आतल्या मजकुरात तिच्या नावाची जागा कोरी सोडली आहे. ती तुम्हीच अक्षरांत भरायची. तोवर आवृत्ती पुरी झाली असं आम्ही धरणार नाही, कोणाला प्रतही देणार नाही. भिकुबाईंचा निरोप आहे, नानांचं बोट अडलं तर हिलालच्या गाडीनं त्या स्वतः धुळ्याला येतील आणि दाबून देतील.

प्रमिला


धुळे
आखाजी, ९ मे १९९७

चि. प्रमिला, आणि मेहरूणच्या सगळ्या जणी,

तुम्हा सगळ्यांना आशीर्वाद. भिकुबाईंना म्हणावं, तिकीट काढू नका.

सकाळी पुरणपोळी खाऊन बसलो. लीलाधरला दुकानात पाठवून दिलं. 'ता' लिहिला आणि उठून पाणी प्यायलो. मग 'ई' लिहिली. दुसऱ्या 'ई'पर्यंत पोचायला चहाची वेळ झाली. पण पुरं केलं. अक्षरांत, आकडा एकही नाही.

मग चालवून पाहावं म्हटलं. घाईत कुठेही काही ठेवलं नव्हतं, ना सात, ना पाच. तसंच टाइप केलं, 'ताईबाई, सांग'. पडद्यावर ओळ आली:

'काहीच ठेवं नही, मंग मी काय सांगू?'

भिकुबाई, तुम्ही तिला कधी पाहिलं नाहीत. मी शाळेतून येऊन तासन् तास गप्प बसायचो तेव्हा ती हेच म्हणायची. हेच, याच बोलीत. तुम्हाला कसं कळलं?

फ्लॉपीच्या प्रती काढल्या आहेत. एक बोदवडला, एक तुम्हाला, बाकी मागेल त्याला. आतला सगळा मजकूर नेहमीसारखा उघडा आहे, कोणीही बघावा, सुधारावा. त्या ओळीनंतर मात्र मी तिच्याकडे बरंच काही ठेवलं, संध्याकाळपर्यंत ठेवत होतो. ते तेवढं फ्लॉपीवर घातलेलं नाही.

नाना